हातभर उंचीचा मुलूख

बर्धमान ते काटवा हा पश्चिम बंगालमधला पन्नासेक किलोमीटरचा रेल्वेमार्ग. १९१५ साली इथे छोट्या रुळांची गाडी सुरू झाली, आणि २०१८ पासून पूर्ण मार्गावर मोठी गाडी धावते. गाडी बदलली, खिडकीबाहेरचं फारसं बदललं नाही. आणि जे दिसतं ते आमच्या नागपूरच्या मंडळींना पाहण्यासारखं वाटत नाही. भात. मग तळं, मग बांबूचं बेट, मग पुन्हा भात. टेकडी नाही, घाट नाही, नजर अडेल असं काहीच नाही. माझा धाकटा भाऊ एकदा सोबत आला होता. बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाला, "दादा, हे सगळं एकाच माणसाचं शेत आहे का?"

या मार्गावरच्या एका लहान स्टेशनात उतरायचं आणि पुढे टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाने, माझ्या सासुरवाडीला जायचं. गावाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, आजूबाजूची पन्नास गावं तशीच आहेत. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं भंडारा-गोंदियाकडे गेली, त्यामुळे भात, बांध्या, रोवणी, तलाव यांतलं काही मला नवं नाही. जमिनीची पातळी काढणं हा तर पोटापाण्याचा धंदाच. या मुलखात मला वेड लागलं ते पातळीचंच. सपाट दिसणाऱ्या या जमिनीत सगळं उंचीवरून ठरतं. कुठल्या शेतात कुठलं भात, कुणाचं घर कुठे, पुराचं पाणी आधी कुणाच्या दारात, आणि भावाभावांत भांडण कशावरून. फक्त ही उंची मीटरमध्ये मोजून भागत नाही. हात आणि बोटं, यांतच मोजावी लागते.

हे मला जेठूंनी शिकवलं. जेठू म्हणजे माझ्या बायकोचे थोरले काका. वय ऐंशीच्या पुढे, अंगात बंडी, कमरेला चौकड्याची लुंगी, हातात छत्री. त्यांच्याबरोबर शिवारात गेलं की ते चालता चालता "आता आपण चढतोय" असं म्हणतात. मी पायाकडे बघतो, समोर बघतो, मला काही चढ दिसत नाही. मग ते छत्रीच्या टोकाने दाखवतात. इथपर्यंत हरळी आहे, इथून पुढे पाणगवत. बगळे त्या पलीकडच्या बांधीत उतरलेत, या बांधीत नाहीत. म्हणजे तिकडे अजून बोटभर पाणी आहे. सरकारी दप्तरातही हीच विभागणी आहे. ज्यात पाणी थांबतं ती भाताची सखल जमीन 'शाली', त्याहून किंचित उंच, बटाटा-भाजीपाल्याची 'सुना', आणि ज्यावर पाणी चढत नाही ते माळरान 'डांगा'. घराची जागा 'वास्तू'. या चार शब्दांच्या पोटात जमिनीचा भाव, पीक आणि मुलीचं स्थळ, तिन्ही येतात. शाली आणि सुना यांच्यातला फरक बऱ्याच ठिकाणी हातभरच असतो.

हातभर फरकाने काय होतं ते भाताच्या वाणांत दिसतं. सखल भागात 'स्वर्णा'. हे वाण मूळ आंध्रातल्या मारुटेरूच्या संशोधन केंद्राचं, पण बंगालने ते असं उचललं की आता कुणाला परकं वाटत नाही. पिकायला सुमारे पाच महिने घेतं आणि पायाशी पाणी साचलेलं चालवून घेतं. किंचित उंच बांधीत कमी दिवसांचं भात, कारण ते कापून लगेच बटाटा लावायचा असतो. आणि दामोदरच्या दक्षिणेला, रायना-खंडघोषकडे, तो बारीक, सुगंधी गोविंदभोग, ज्याला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गावात गोविंदभोग फार पिकत नाही. पायसासाठी विकतच आणतात, आणि आणताना दक्षिण दामोदरवाल्यांच्या नशिबाबद्दल दोन शब्द बोलतात.

या मोजमापाचं सगळ्यात बारीक यंत्र म्हणजे घुनी. बांबूच्या पातळ काड्या ताडाच्या दोरीने विणून केलेला हा सापळा हातभर लांब असतो. आत शिरायची फट अशी की मासा जातो, परत फिरत नाही. पावसाळ्यात वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडायला बांधाला तोंड पाडतात, त्या तोंडात घुनी बसवायची. बसवताना तोंडाच्या दोन्ही बाजूंना चिखल थापायचा आणि पाणी फार उंचावरून पडू द्यायचं नाही. पाणी जास्त उंचावरून पडलं तर ते बांध खातं, कमी उंचावरून पडलं तर मासा चढत नाही. दोन बोटं बरी, असं जेठूंचं माप. सकाळी घुनी उपटून टोपलीत आपटली की पुंटी, मौरला, एखादा कोळंबीचा जीव आणि हमखास एक खेकडा. बौदी, म्हणजे मेहुण्याची बायको, तेवढ्यावर सकाळचं कालवण करते.

गावात शिरताना आधी तळी लागतात, मग घरं. हे असं का, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो, कारण आमच्याकडचे तलाव वेगळ्या रीतीचे. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव उतारावर पाळ घालून अडवलेले असतात. उतार आहे म्हणून तलाव आहे. इथे उतारच नाही, मग अडवणार काय? इथे तळं खणतात. पुकुर खणायचा आणि निघालेली माती बाजूला टाकून उंचवटा करायचा. त्या उंचवट्यावर घर. त्याला भिटा म्हणतात. म्हणजे तळं आणि घर एकाच खणण्याच्या दोन बाजू, घर जितकं वर तितकं तळं खोल. वाडवडिलांच्या घराचा अभिमान सांगताना इथला माणूस भिंती-दरवाजांचं बोलत नाही, भिट्याचं बोलतो, आणि ते योग्यच आहे. भिंती मातीच्या, त्या पुन्हा उभ्या राहतात. भिटा पिढ्यांनी वाढवलेला असतो.

ही युक्ती किती जुनी असेल? आमच्या गावापासून फार लांब नाही, अजय नदीच्या दक्षिण काठी पांडु राजार ढिबी नावाचं टेकाड आहे. १९६२ पासून तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली, आणि खापरांवर भाताच्या तुसांचे ठसे. म्हणजे आपल्याकडे इनामगावला माणसं घरं बांधत होती साधारण त्याच युगात इथेही माणसं पुराच्या नदीकाठी उंचवटा धरून भात खात होती. ढिबीवर पाहण्यासारखं आता विशेष नाही. मी गेलो तेव्हा शेळ्या चरत होत्या.

पुकुर हे इथल्या माणसाचं न्हाणीघर, भांडी घासायचा कट्टा, फ्रीज, बँक आणि कचेरी. घराच्या पुढचा मोठा तो सगळ्यांचा. मागच्या दाराचा लहान तो खिडकी-पुकुर, बायकांचा. तिथे पुरुषांनी खाकरून जायचं. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर उभं राहून बौदी "चोई चोई चोई" असा हाकारा करते आणि बदकं रांगेने घरी येतात. शेजारणीची बदकं तिच्या हाकेला येत नाहीत. हाक तीच असते, तरी. बदकांना गुगली, म्हणजे तळ्यातल्या गोगलगायी, फोडून घालतात. गरिबाघरी त्याच गुगलीचं कालवणही होतं.

तळं सहसा एकाचं नसतं. आजोबांनी खणलं, मुलांत वाटलं, नातवांत वाटलं, पण पाणी कसं वाटणार? म्हणून वाटे कागदावर. सोळा आणे म्हणजे पूर्ण, आणि पुढचे अपूर्णांक गंडा, कडा, क्रांतीत. आमच्या सासऱ्यांच्या वाट्याला एक तृतीयांश तळं आहे. दस्तऐवजात तो वाटा 'पाच आणे सहा गंडे दोन कडा दोन क्रांती' असा लिहिलेला आहे, आणि मी एकदा दुपारभर बसून ताळा केला, हिशेब बिनचूक आहे. खरा प्रसंग येतो जाळं टाकायच्या दिवशी. मच्छीमार टाना जाळं घेऊन उतरतात, सगळे वाटेकरी काठावर, कुणी खुर्चीवर, कुणी उकिडवं. रुई, कातला, मृगेल वेगवेगळे ढीग होतात. आधी मच्छीमारांचा हिस्सा, मग वाटण्या. ताजव्यावर तिन्ही वाटे सारखे आले तरी प्रश्न उरतो तो कातल्याच्या डोक्याचा. ते एकच मोठं असतं. त्या वर्षी कुणाकडे लग्न किंवा बाळंतपण असेल तर त्यांना, नाहीतर ते विकून पैसे. मी असलो की डोकं आमच्या ताटात येतं. जावई हा इथे बाळंतिणीच्या खालोखाल.

तळ्याचं महत्त्व देवांनाही चुकलेलं नाही. मंगलकोटकडे क्षीरग्राम आहे. तिथली जोगाद्या देवी वर्षातला बहुतेक काळ क्षीरदिघीच्या पाण्याखाली असते. वैशाख संक्रांतीला, म्हणजे बंगाली वैशाखाच्या शेवटच्या दिवशी, मूर्ती वर काढतात, मोठी जत्रा भरते, आणि मग देवी पुन्हा पाण्यात. कुठल्याही डोंगरावरच्या देवीपेक्षा या गावांना हीच देवी शोभते.

आता नदीबद्दल. आमच्या गावाजवळून दामोदर वाहत नाही, पण गाव दामोदरचंच. छोटा नागपूरच्या पठारावरून तो येतो आणि बर्धमान शहर ओलांडल्यावर एकाएकी दक्षिणेला वळतो. पूर्वी तो असा वळत नसे. पूर्वेला पसरून काल्ना भागात भागीरथीला, म्हणजे गंगेच्या बंगालातल्या फाट्याला, मिळत असे. खडी, बांका, बेहुला, काना नदी असे जे मेलेले, अर्धमेले प्रवाह नकाशात पंख्यासारखे दिसतात, त्यांतले बरेच त्याच्या जुन्या वाटांचे अवशेष. पाटबंधारे खात्यात असताना मी सर विल्यम विलकॉक्स हे नाव ऐकलं होतं ते नाईलवरच्या अस्वान धरणासाठी. याच विलकॉक्सने म्हातारपणी, १९२८ मध्ये, कलकत्ता विद्यापीठात व्याख्यानं दिली आणि इंग्रज सरकारला न रुचणारं बोलला. त्याचं म्हणणं असं, की बंगालचे शेतकरी पूर्वी नदीला बांधून ठेवत नव्हते. पावसाळ्याच्या आरंभी येणारं लाल गढूळ पाणी काठ फोडून शेतात घेत होते. गाळ शेताला, मासे तळ्याला, आणि त्या माशांनी डासांच्या अळ्या खाल्ल्या म्हणून ताप कमी. हे मेलेले प्रवाह म्हणजे माणसांनी खणलेले कालवे होते, हा त्याचा दावा पुढे अनेकांनी खोडला, आणि मलाही तो पचत नाही; एवढे वाकडे कालवे कुणी खणणार नाही. पण गाळाच्या पाण्याबद्दल तो बरोबर होता असं माझं मत आहे.

कारण झालं असं. १८५५ साली हावड्याहून राणीगंजपर्यंत रेल्वे गेली, ती दामोदरच्या डाव्या बाजूने. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड बुडू नये म्हणून डावा बांध पक्का केला. डाव्या बांधावर ताण पडू नये म्हणून त्याच दशकात उजव्या काठचा जवळजवळ वीस मैलांचा बांध सरकारने काढून टाकला. म्हणजे पाणी जायचं तर त्या बाजूच्या गावांत जाऊ दे. नदीचा उजवा काठ अधिकृतपणे पाण्याला दिला गेला. डावीकडे पाणी आलंच नाही, म्हणून गाळ बंद झाला, डबकी साचली, आणि १८६० नंतर जो 'बर्दवानचा ताप' (बर्दवान हे बर्धमानचं इंग्रजी रूप) पसरला त्यात गावंच्या गावं ओस पडली. एका काठाला पुराने मारलं, दुसऱ्याला कोरडेपणाने. आमचं गाव डाव्या काठचं. बायकोच्या खापरपणजोबांची चार भावंडं त्या तापात गेली असं घरात सांगतात. मी स्वतः बांध घालणाऱ्या खात्यात आयुष्य काढलं. नकाशावर रेघ ओढताना रेघेच्या दुसऱ्या बाजूला काय होईल हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि ती फार बदलली आहे असंही नाही.

पुढे १९४३ च्या जुलैत तोच पक्का डावा बांध आमिरपूरजवळ फुटला, रेल्वे वाहून गेली, ऐन महायुद्धात कलकत्त्याचा उत्तरेशी संपर्क तुटला. त्यानंतर चक्रं फिरली आणि १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणं १९५३ ते १९५९ दरम्यान उभी राहिली आणि १९५५ मध्ये दुर्गापूरचा बंधारा. कालव्याचं पाणी आमच्या गावापर्यंत येतं. पावसाने दगा दिला तरी आमन, म्हणजे पावसाळी, भात तरतं ते त्यामुळे. तरीही १९७८ च्या सप्टेंबरातला पूर कुणी विसरलेलं नाही. त्या पावसात सगळ्याच नद्या एकदम उठल्या होत्या.

१९७८ चं वर्ष गावाला दोन कारणांनी आठवतं. पुरात खालच्या बागदी पाड्यातली सगळी घरं बसली. बागदी पाडा सखल कडेला, बामण-कायस्थांची घरं मधल्या उंचवट्यावर, संथाळ वस्ती लांब डांग्यावर. हातभर उंची कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे काही जमिनीने ठरवलेलं नव्हतं. पाणी चढलं तेव्हा खालची माणसं गुरांसकट आमच्या सासऱ्यांच्या खळ्यावर येऊन राहिली. त्याच वर्षी डाव्या आघाडीच्या सरकारने ऑपरेशन बर्गा सुरू केलं. अर्धेलीने जमीन कसणाऱ्यांची नावं सरकारदरबारी नोंदवायची मोहीम. राज्यभरात चौदा लाखांवर बर्गादार नोंदले गेले. मालकाला त्याला काढता येईना, आणि बी-खत कसणाऱ्याचं असेल तर पिकाचे तीन हिस्से त्याचे, एक मालकाचा. आमच्या सासऱ्यांच्या आठ बिघ्यांवर, आपल्या हिशेबात अडीच एकरांहून थोड्या जास्त जमिनीवर, एका बागदी माणसाचं नाव चढलं. तो महिनाभरापूर्वीच पोराबाळांना घेऊन त्यांच्या खळ्यावर राहून गेला होता. दोघं पुढे कित्येक वर्षं एकमेकांशी मोजकंच बोलले. जेठू अजून म्हणतात की अन्याय झाला. त्यांचा धाकटा मुलगा म्हणतो की उशिरा झाला. जेवणाच्या वेळी हा विषय काढायचा नाही, असा बौदीचा नियम.

वर्षाची लय मात्र भातच ठरवतं. आषाढात रोवणी. पूर्वी त्या दिवसांत पुरुलिया, दुमका या उंच, कोरड्या भागातून संथाळ मजूर टोळ्यांनी उतरत. त्यांच्याकडे या खाली येण्याला 'नामाल' म्हणतात. रोज मजुरी, वर तांदूळ, आणि राहायला शाळेची खोली किंवा कुणाचा गोठा. अजून येतात, पण कापणीला कमी, कारण पंजाबातून कंबाइन हार्वेस्टर येतं. यंत्राने कापलेला पेंढा तुटका, छपराला निकामी, आणि उरलेली धसकटं शेतातच पेटवतात. अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, आता संध्याकाळी गावावर धूर बसतो.

मधला आश्विन मला सगळ्यात आवडतो. आश्विन संक्रांतीला भात पोटरीत असतं, म्हणजे गर्भार. बंगालमध्ये पोटुशी लेकीला 'साध' देतात, आपलं डोहाळजेवण. तसं शेताला साध द्यायचं. पहाटे अंधारात घरातला पुरुष शेतात जाऊन नळाची, म्हणजे वेतासारख्या गवताची, काडी रोवतो आणि भाताला हाका मारतो. जेठूंचा आवाज आता पोचत नाही, म्हणून नातू ओरडतो. नातू बर्धमानला बीएस्सीला आहे, त्याला लाज वाटते, पण अंधार असतो म्हणून चालतं. मग कार्तिक संक्रांतीला थोडीशी लोंबी कापून डोक्यावर घेऊन, वाटेत कुणाशी न बोलता घरी आणायची, अग्रहायणात नवान्न करायचं, आणि पौष संक्रांतीला, आपल्या मकर संक्रांतीच्याच दिवशी, पिठे. तांदळाचं पीठ, खोबरं, खजुराचा नवा गूळ. अंगणात तांदळाच्या पिठाच्या अल्पनेत, म्हणजे रांगोळीत, लक्ष्मीची पावलं घराकडे येताना काढतात. ती घाटापासून सुरू होतात. लक्ष्मीही तळ्याकडूनच येते.

पैसा मात्र भातात नाही, बटाट्यात आहे, आणि बटाट्यात जुगार आहे. आमन कापल्या कापल्या नोव्हेंबरात सुना जमिनीत ज्योती किंवा चंद्रमुखी लावायचा. बेणं पंजाबचं, महाग. माती सरीवर चढवायची, आणि मग डिसेंबर-जानेवारीचं धुकं मोजत बसायचं. धुकं तीन-चार दिवस उठलं नाही की धसा, आपला करपा, पसरतो. एका रात्रीत हिरवं रान काळं पडलेलं मी पाहिलं आहे. वाचलं तर फाल्गुनात पन्नास-पन्नास किलोची पोती हिमघरात, म्हणजे शीतगृहात. त्या पावतीला बाँड म्हणतात, आणि हे बाँड चहाच्या टपरीवर शेअरसारखे विकले जातात. ज्याने बटाटा पिकवला त्याच्याकडे एप्रिलपर्यंत बहुधा बाँड उरलेला नसतो. आणि नंतर भाव चढतो तो दुसऱ्याच कुणाच्या खिशात. मेहुण्याला मी दर वर्षी म्हणतो, या खेपेला लावू नका. तो दर वर्षी लावतो.

मी नागपूरचा, ही गोष्ट गावात कधी थट्टेचा विषय होते. १७४२ साली रघुजी भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर याच काटव्याला तळ देऊन होता. दांईहाटला त्याने दुर्गापूजा मांडली आणि पूजा चालू असतानाच बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने नदी ओलांडून रात्री छापा घातला. १७४४ मध्ये मानकरा या ठिकाणी भेटीस बोलावून खानाने भास्कररामला मारलं. १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाख चौथाई ठरली तेव्हा धाडी थांबल्या. नागपुरात हा सगळा पराक्रम म्हणून शिकवतात. इथे बारगिरांची भीती अंगाईत राहिली आहे: बाळ झोपलं, बारगी आले, बुलबुलांनी भात खाल्लं, सारा कुठून भरू? आमची मुलगी लहान असताना बायको हीच अंगाई म्हणायची, आणि आम्ही तेव्हा नागपूरच्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर भाड्याने राहत होतो. आता उलटी धाड आहे. गावातली पोरं नागपूरच्या इतवारीत, मुंबईच्या झवेरी बाजारात सोन्याच्या कामाला जातात, केरळात बांधकामावर जातात, आणि त्यांच्या पैशातून गावात रंगीत फरशीची घरं उठतात.

ही घरं कुठे उठतात, हाच आताचा कळीचा मुद्दा. भिट्यावर जागा संपली. शालीत बांधलं तर पाणी. मग लहान डोबे, म्हणजे छोटी तळी, बुजतात. तळं बुजवायला राज्यात कायद्याने मनाई आहे, पण ज्यात चार पावसाळे केरकचरा टाकला आहे त्याला तळं म्हणायचं की नाही, यावर वाद घालता येतो.

आणि रस्ते. दोन वर्षांपूर्वी पंचायतीने गावाच्या पूर्वेला सिमेंटचा रस्ता केला. रस्ता चांगला आहे, जुन्या वाटेपेक्षा हातभर उंच आहे. त्यामुळे पश्चिमेच्या बांध्यांचं पाणी अडून बसलं आणि त्या पावसाळ्यात स्वर्णासुद्धा पिवळी पडली. रेल्वे आणि दामोदरची गोष्ट, फक्त गावापुरती. ओरड झाली, सिमेंटचा नळा आला आणि सबंध हिवाळा रस्त्याकडेला पडून राहिला, कारण तो कुठे टाकायचा यावर एकमत होईना. जेठू म्हणाले, आमच्या कोपऱ्यावर, जमीन तिथे चार बोटं खाली आहे. पलीकडचा शेतकरी म्हणाला, मग सगळं पाणी माझ्या बटाट्यात. शेवटी जावई पाटबंधारे खात्यातले, म्हणून मला मध्ये ओढलं. यंत्र काही सोबत नव्हतं. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, दोन टोकांना दोन काठ्या, मेहुणा एका बाजूला, बागदी पाड्यातला बर्गादाराचा मुलगा दुसऱ्या बाजूला. सगळा गाव बघायला. फरक निघाला सव्वासात सेंटिमीटर. जेठूंनी शांतपणे बोटं आडवी धरली, चार बोटं, बरोब्बर. पलीकडचा म्हणाला, "बोटं तुमची जाड."

नळा तिथेच बसला. पाणी वाहू लागलं, आणि पलीकडच्याने बटाट्याच्या बाजूने चर काढून घेतला, तेव्हा तोही वाद मिटला. आता नवा निघाला आहे. इतक्या बांध्यांचं पाणी एका तोंडातून जातं म्हटल्यावर मासाही सगळा तिथूनच जातो. त्या तोंडाला घुनी कुणी लावायची? नळा पंचायतीचा, जमीन जेठूंची, कसणारा बर्गादार, पाणी पडतं पलीकडच्याच्या हद्दीत. पंचायतीत यावर दोन बैठका झाल्या आहेत. बौदीने फोनवर सांगितलं की तूर्त ज्याची पहाट लवकर होते त्याचा मासा.